लुका मॉड्रिच आणि परक्या संघातलं पहिलं वर्ष

हाफवे लाइन (धागाकर्ता)

14 सप्टेंबर 2025. मिलानचं सान सिरो, समोर बोलोन्या. सामन्यात गोल एकच झाला आणि तो क्रोएशियाच्या, मधल्या फळीत खेळणाऱ्या लुका मॉड्रिचने केला. पाचच दिवसांपूर्वी त्याने चाळिशी गाठली होती. मिलानसाठीचा त्याचा हा पहिला गोल. तो पाहताना मला आठवलं ते 2012 साल संपत असतानाचं एक प्रकरण. माद्रिदच्या 'मार्का' या क्रीडा दैनिकाने वाचकांचा कौल घेतला होता: स्पॅनिश लीगमध्ये या हंगामात आलेला सगळ्यात फसलेला खेळाडू कोण? वाचकांनी नाव दिलं मॉड्रिचचं.

त्याच खेळाडूने 2025 मध्ये रेआल माद्रिद सोडलं तेव्हा त्याच्या नावावर क्लबसाठी 28 करंडक होते. त्या क्लबच्या इतिहासात एवढे कुणाकडेच नाहीत. त्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, सहा वेळा.

"सुरुवातीला टीका झाली, नंतर त्याने सिद्ध करून दाखवलं" असं म्हणून आपण हे सोडून देतो. मला ते पटत नाही. ती टीका करणारे लोक काही आंधळे नव्हते. त्या चार-पाच महिन्यांत मॉड्रिच खरोखरच बेताचा खेळत होता. तसा का खेळत होता, ते मला इथे मांडायचंय.

माझं म्हणणं असं. परदेशात गेलेला स्ट्रायकर आपलं काम बरोबर घेऊन जातो. गोलपोस्ट सगळीकडे तेवढाच असतो. गोलकीपरचंही तसंच. मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम मात्र बाकीच्या दहा जणांच्या सवयींवर उभं असतं. उजवा बॅक कोणत्या क्षणी वर धावतो, विंगरला चेंडू पायात हवा की पुढे मोकळ्या जागेत, सेंटर बॅक दबावाखाली डावीकडे वळतो की उजवीकडे. हे कागदावर शिकवता येत नाही. ते अंगात मुरावं लागतं. मॉड्रिचची खासियत म्हणजे चेंडू पायात येण्याआधीच त्याची मान दोनदा वळलेली असते, त्याचं पाहून झालेलं असतं. पण जे पाहिलं त्याचा अर्थ लावायला ती माणसं ओळखीची लागतात. परक्या संघात तो तेवढंच पाहतो, पण पास अर्ध्या सेकंदाने उशिरा जातो. आपल्याला टीव्हीवर एवढंच दिसतं की याच्या पासमध्ये दम नाही.

त्याच्या बाबतीत हे एकदा नाही, दोनदा झालं. 2008 मध्ये क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेबकडून साडेसोळा दशलक्ष पौंडांना तो लंडनच्या टॉटनहॅमला आला. त्या हंगामात पहिल्या आठ लीग सामन्यांत टॉटनहॅमचे गुण दोन. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक हुआंदे रामोस गेले, हॅरी रेडनॅप आले. तोपर्यंत इंग्लंडमध्ये सूर एकच होता: एवढ्याशा अंगाचा मुलगा, इथे चिरडला जाईल. रेडनॅपनी त्याला मोकळीक दिली, पुढे मैदानाच्या मधोमध आणलं. 2010 मध्ये टॉटनहॅम चौथं आलं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये पोचलं. पुढच्या हंगामात क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तो ठरला.

मग माद्रिद. 27 ऑगस्ट 2012 ला करार आणि 29 तारखेला बार्सिलोनाविरुद्ध स्पॅनिश सुपरकपच्या दुसऱ्या सामन्यात शेवटची काही मिनिटं मैदानात. पूर्वतयारीचे आठवडे नाहीत, सराव सामने नाहीत. उतरल्या उतरल्या करंडक हातात आला खरा, पण संघ ओळखीचा झाला नव्हता. आणि जागा तरी कुठे होती? मागे झाबी अलोन्सो आणि खेदिरा, पुढे ओझिल. प्रशिक्षक मॉरिन्योचा तो संघ चेंडू मिळाला की तीन पासात पलीकडे पोचायचा. मॉड्रिचचा खेळ चेंडू थोडा थांबवून, समोरच्याला जागेवरून हलवून मग पुढे सरकण्याचा. 2013 मध्ये प्रशिक्षक म्हणून आन्चेलोत्ती आले, मधल्या फळीत तिघे झाले, त्यातला एक मॉड्रिच. तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

तर प्रश्न असा: परक्या देशात गेलेल्या मिडफिल्डरला पहिलं वर्ष माफ करायला हवं का? मला वाटतं, हवं. तुमचं मत लिहा.

टचलाइन

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. एक नाव घेतो: वेस्ली स्नायडर. 2009 च्या ऑगस्टअखेर तो माद्रिदहून इंटर मिलानला आला आणि दुसऱ्याच दिवशी मिलान डर्बीत, म्हणजे त्याच शहरातल्या एसी मिलानविरुद्ध, पहिल्या अकरात खेळला. इंटर 4-0 ने जिंकलं. त्याच हंगामात लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही. त्याला दहा जणांच्या सवयी शिकायला वेळ कुठे मिळाला? दुसरं नाव टोनी क्रूस. 2014 ला बायर्नहून माद्रिदला आला तो थेट पहिल्या अकरात, ते निवृत्त होईपर्यंत.

चांगला मिडफिल्डर पहिल्या दिवसापासून चांगलाच दिसतो, असं माझं मत. मॉड्रिचला उशीर लागला तो चुकीच्या प्रशिक्षकांमुळे. तो 'मिडफिल्डरांचा नियम' नाही.

हाफवे लाइन

स्नायडरचं उदाहरण भारी आहे. मी विसरलो होतो, मान्य. तरी एक बघा. स्नायडर स्ट्रायकरांच्या मागे खेळायचा, आणि तेव्हा इंटरचा प्रशिक्षक असलेल्या मॉरिन्योने तो अख्खा संघ त्याच्या पायात चेंडू देण्यासाठी मांडला होता. बाकीचे नऊ जण त्याच्याकडे पाहून धावायचे. त्याला त्यांच्या सवयी शिकायची गरजच नव्हती, त्यांनी त्याच्या शिकल्या. क्रूसच्या बाबतीत तर अलोन्सो त्याच उन्हाळ्यात बायर्नला गेला. खुर्ची रिकामी होती, आणि अवघड काम तोवर एक वर्ष रुळलेला मॉड्रिच शेजारी करत होता.

उलट बाजूचं उदाहरण हुआन सेबास्तियन व्हेरॉन. लात्सिओबरोबर 2000 साली इटालियन लीग जिंकलेला माणूस. 2001 मध्ये 28 दशलक्ष पौंडांच्या वर रक्कम मोजून मँचेस्टर युनायटेडने घेतला, आणि 2003 मध्ये चेल्सीला विकून टाकला. व्हेरॉनला पास देता येत नव्हता असं कोण म्हणेल? पण तिथे रॉय कीन आणि पॉल स्कोल्स आपापल्या जागी पक्के बसलेले होते, आणि संघाची लय आधीच ठरलेली होती.

अकरावा

मोस्टार राहिलं की!

परदेशातलं पहिलं वर्ष म्हणाल तर ते लंडनच्या फार आधीचं. 2003 मध्ये दिनामोने अठरा वर्षांच्या या मुलाला लोनवर, म्हणजे तात्पुरतं, बोस्नियातल्या झ्रिन्यस्की मोस्टारला पाठवलं. युद्ध संपून आठ वर्षं झालेली, शहर मधोमध दुभंगलेलं, मैदानं खडबडीत आणि लीग आडदांड. पंच शिट्टी वाजवायलाच नाखूश. एक मीटर बहात्तर सेंटिमीटरचा मुलगा, तेव्हा तर आणखीच किरकोळ. आणि त्या लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू कोण झाला? तोच. त्याने स्वतः पुढे बोलून दाखवलंय, की बोस्नियाच्या लीगमध्ये जो खेळू शकतो तो कुठेही खेळू शकतो.

त्यामुळे 'अंगाने लहान म्हणून इंग्लंडमध्ये चिरडला जाईल' म्हणणाऱ्यांना त्याचा आधीचा प्रवासच माहीत नव्हता. हेच कारण सांगून लहानपणी क्रोएशियातल्या हायदुक स्प्लिट या क्लबनेही त्याला परत पाठवलं होतं. तेव्हा मुलगा फुटबॉल सोडायच्या बेताला आला होता. झादार शहरातल्या क्लबचे प्रशिक्षक टोमिस्लाव बाशिच यांनी त्याला सांभाळून घेतलं. मॉड्रिच त्यांना खेळातले वडील मानतो.

उजवा बॅक

अकरावा यांना +१. अजून मागे जायला हवं.

वेलेबित डोंगराच्या उतारावर मॉड्रिची नावाची छोटी वस्ती आहे. तिथे आजोबांच्या घरी तो वाढला. आजोबांचंही नाव लुकाच. शेळ्यांच्या कळपामागे काठी घेऊन चालणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची ती जुनी चित्रफीत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. डिसेंबर 1991 मध्ये बंडखोर सर्ब सैनिकांनी आजोबांना गोळ्या घातल्या. नातू सहा वर्षांचा होता. घर सुटलं आणि कुटुंब झादारमध्ये निर्वासितांसाठी दिलेल्या हॉटेलात आलं. वडील क्रोएशियाच्या सैन्यात. मुलगा हॉटेलच्या पार्किंगमध्ये चेंडू मारत बसायचा, शहरावर तोफगोळे पडत असताना.

मी हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. पार्किंगमध्ये भिंतीवर मारलेला चेंडू कसा परत येतो ते आठवा. जमीन कडक, जागा अपुरी, मध्ये गाड्या. चेंडू यायच्या आधी ठरवावं लागतं की कुठल्या पायाने आणि पायाच्या कुठल्या बाजूने घ्यायचा. त्याचा पहिला स्पर्श तिथलाच आहे असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळी

एक प्रसंग जवळून सांगतो, कारण त्याच्याबद्दल एवढं लिहिलं जातं पण पास कसा होता हे कुणी नीट सांगत नाही.

12 एप्रिल 2022, माद्रिद, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. पहिला सामना लंडनमध्ये रेआलने 3-1 ने जिंकलेला. इथे चेल्सी 3-0 ने पुढे. म्हणजे एकूण 4-3, रेआल बाहेर, दहा-बारा मिनिटं उरलेली. स्टेडियम गप्प. मॉड्रिच 36 वर्षांचा. तो डाव्या अंगाला आहे, चेंडू उजव्या पायाजवळ. समोर चेल्सीचा बचाव रांगेत उभा. तिथून सरळ क्रॉस टाकायचा तर डावा पाय हवा, आणि डाव्या पायावर घ्यायचा तर एक पाऊल जास्त जातं. त्या एका पावलात बचावपटू वळतो, गोलकीपर पुढे येतो. त्याने ते पाऊल टाकलंच नाही. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने, जवळपास उभ्या उभ्या, चेंडू कापला. चेंडू बचावपटूंच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडे वळून खाली आला, बरोबर रॉड्रिगोच्या पायावर. रॉड्रिगो बदली म्हणून येऊन दोन मिनिटं झाली होती. त्याने चेंडू जमिनीला लागूच दिला नाही. 80 वं मिनिट, गोल. जादा वेळेत बेन्झेमाचं हेडर, एकूण 5-4.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला हे धरून आहे. रॉड्रिगो तिकडे धावणार हे मॉड्रिचला माहीत होतं, म्हणून एवढा धोक्याचा पास तो देऊ शकला. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये हाच पास त्याने दिला असता का? मला नाही वाटत. दिला असता तरी पलीकडे कुणी धावत नसतं.

निवांत वाचक

सगळं छान चाललंय, पण एक कटू गोष्ट लिहितो. कौतुकाच्या धाग्यात ती सुटू नये.

ट्रान्सफर म्हणजे नुसता खेळ नाही. 2008 ला टॉटनहॅमने जे पैसे दिले त्यातला मोठा वाटा कुणाच्या खिशात कसा गेला, यावरून दिनामोचे तेव्हाचे सर्वेसर्वा झ्द्रावको मामिच यांच्यावर खटला चालला. जून 2017 मध्ये ओसियेकच्या न्यायालयात मॉड्रिच साक्षीला उभा राहिला. आधी तपासात सांगितलेल्या गोष्टींबद्दल त्याचं उत्तर बदललं, आणि बऱ्याच प्रश्नांना "आठवत नाही" एवढंच. क्रोएशियात लोक भडकले. निर्वासित असताना तो ज्या हॉटेलात राहिला, त्याच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलं की लुका, एक दिवस तुला हे आठवेल. 2018 च्या मार्चमध्ये खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला, पण ते वर्ष संपण्याआधी न्यायालयाने आरोपपत्र फेटाळलं. मामिच दोषी ठरले आणि बोस्नियात निघून गेले.

मॉड्रिच निर्दोष की नाही यावर मला भांडायचं नाही. न्यायालयाने काय केलं ते वर लिहिलंय. मला सलतं ते वेगळं. गरीब घरातला अठरा-वीस वर्षांचा मुलगा परदेशी क्लबपर्यंत पोचतो, तेव्हा मधे उभ्या असलेल्या माणसांशी कसले कागद सही करून बसतो! त्याने दिनामोशी दहा वर्षांचा करार केला आणि त्या पैशातून झादारमध्ये कुटुंबासाठी फ्लॅट घेतला. हॉटेलात वाढलेल्या मुलाने आणखी काय करावं?

टचलाइन

निवांत वाचक, हे लिहिलंत ते बरं केलंत.

क्लब सोडण्याच्या बाबतीतही तो काही संत नव्हता. 2011 मध्ये चेल्सीने मागणी घातली, टॉटनहॅमचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी सपशेल नकार दिला. पुढच्या उन्हाळ्यात मॉड्रिच संघाबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलाच नाही. टॉटनहॅमच्या चाहत्यांना ते लागलं होतं, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. याचा आणखी एक परिणाम झाला: माद्रिदला पोचला तेव्हा त्याचा पुरेसा सरावच झालेला नव्हता. म्हणजे पहिल्या वर्षाच्या अपयशात थोडा वाटा त्याचा स्वतःचाही. धागाकर्त्याने हा भाग सोडला आहे.

हाफवे लाइन

सोडला, खरं आहे. पूर्वतयारी झाली नव्हती असं मी लिहिलं, ती का झाली नव्हती ते लिहिलं नाही. मुद्दा मान्य.

मधली फळी

मी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मी स्वतः कॉलेजच्या संघात मधे खेळायचो आणि चणीने लहानच. दुसऱ्या संघात गेलो तेव्हा पहिले काही महिने प्रशिक्षक मला ओरडायचे, "चेंडू सोड, लवकर सोड." मला तो सोडायचा होता, पण कोणाकडे? माझ्या जुन्या संघात डावा बॅक मी हात वर करायच्या आधीच धावत असायचा. इथला डावा बॅक चेंडू पायात आल्यावर धावायचा. दोघंही चुकीचे नव्हते. मला दुसऱ्याची सवय लागायला जवळपास एक हंगाम गेला, आणि तोवर माझी जागा गेली होती. हाफवे लाइन यांनी अर्ध्या सेकंदाचं लिहिलंय ते वाचून कुणीतरी माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं.

म्हणून 2018 चा विश्वचषक मला फार जवळचा. क्रोएशियाच्या संघात तो 2006 पासून होता. पहिला सामना अर्जेंटिनाविरुद्ध बासेलमध्ये, 3-2 ने जिंकलेला. म्हणजे बारा वर्षं मुरलेली ओळख. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळेत 116 व्या मिनिटाला त्याची पेनल्टी श्मायकेलने अडवली. नंतर शूटआउटमध्ये त्याच गोलकीपरसमोर तो पुन्हा उभा राहिला आणि मारली. तिथून पुढे रशियाबरोबर पुन्हा शूटआउट, इंग्लंडबरोबर पुन्हा जादा वेळ. तीन वेळा तीस मिनिटं म्हणजे इतरांपेक्षा एक अख्खा सामना जास्त. अंतिम सामन्यात फ्रान्सने 4-2 ने हरवलं. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल घेताना पावसात भिजलेला त्याचा चेहरा आठवतो का? हातात बक्षीस आणि नजर दुसरीकडेच. वर्षअखेरीला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर मिळाला. दहा वर्षं तो मेस्सी आणि रोनाल्डोच्या बाहेर गेला नव्हता.

सान सिरो

मिलानचा चाहता म्हणून थोडं. मॉड्रिचचा लहानपणचा आदर्श झ्वोनिमिर बोबान. क्रोएशियाचा कर्णधार आणि 1994 मध्ये बार्सिलोनाला 4-0 ने हरवणाऱ्या मिलानचा खेळाडू. त्यामुळे मॉड्रिच लहानपणापासून मिलानचा. चाळिशीत तिथे जाणं म्हणजे निवृत्तीआधीची सहल, असं काही जण म्हणत होते. मलाही भीती होतीच.

पण धाग्याच्या प्रश्नाचं वेगळं उत्तर इथे दिसतं असं मला वाटतं. मिलानमध्ये त्याला पहिलं वर्ष लागलंच नाही! त्या हंगामात मिलान युरोपीय स्पर्धांत नव्हतं, त्यामुळे आठवड्याला बहुतेक एकच सामना आणि मधे सरावाला भरपूर दिवस. दुसरं म्हणजे आता तो मैदानावर बोलतो. चेंडू दुसऱ्याच्या पायात असताना हाताने दाखवत असतो: तू इकडे, तू थांब, तू वर जा. तेवीस वर्षांचा असताना लंडनमध्ये हे तो करू शकत नव्हता, आणि केलं असतं तरी कोण ऐकणार? आता बाकीचेच त्याच्या सवयी शिकताहेत. वर स्नायडरबद्दल लिहिलंय तसंच.

हाफवे लाइन

सान सिरो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे 'मिडफिल्डरला वेळ लागतो' एवढं म्हणणं अपुरं आहे. कोण कोणाशी जुळवून घेतंय, ते पाहायला हवं. मूळ लेखात बदल करत नाही, पण माझं मत बदललंय हे नोंदवतो.

मधली फळी

एक विनंती. माद्रिदच्या त्या पहिल्या वर्षातला एखादा सामना सुचवाल का? 2014 च्या लिस्बनमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला 93 व्या मिनिटाचा कॉर्नर आणि रामोसचं हेडर पन्नास वेळा पाहून झालंय. मला त्याआधीचं बघायचंय, जुळत नव्हतं तेव्हाचं.

हाफवे लाइन

5 मार्च 2013, मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, चॅम्पियन्स लीग. पहिला सामना 1-1 सुटलेला, इथे युनायटेड 1-0 ने पुढे. 56 व्या मिनिटाला नानीला लाल कार्ड मिळतं. तीन मिनिटांत मॉरिन्यो उजवा बॅक आर्बेलोआला काढून मॉड्रिचला आत पाठवतो. तिथून पुढे बघा, पण चेंडूकडे नको, फक्त 19 नंबरकडे, म्हणजे मॉड्रिचकडे. सुरुवातीला तो सोपे पास देतो, मागे, बाजूला, पुन्हा मागे. समोर दहाच जण असल्यामुळे पहिल्यांदाच त्याला तो अर्धा सेकंद मिळतोय. 66 व्या मिनिटाला एकाला बगल देऊन तो लांबून मारतो, आणि चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागून जाळ्यात जातो. तीन मिनिटांनी रेआलचा दुसरा गोल, रोनाल्डोचा. त्या दुसऱ्या गोलाच्या आधीची चाल मुद्दाम सावकाश लावून बघा. आणि बघून झालं की इथे लिहा, 19 नंबरची मान किती वेळा वळली ते.